मदत हवी आहे: ८१० विकू का नव्याची वाट पाहू? (शनिवारपर्यंत सांगा)

वाळवंटीकाठ | गुरुवार, १३ ऑगस्ट २००९, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी, थेट मुद्द्यावर येतो. माझा ८१० विकावा का? नवीन येणार अशी सगळीकडे बोलवा आहे, त्यात म्हणे फोनही असेल. ऑफिसातला एक जण माझा आहे तसा नऊ हजारांना घ्यायला तयार आहे, पण त्याला शनिवारी उत्तर हवंय. शिवाय भाऊ गणेश चवथीला येतोय, १९ तारखेला पोचेल, त्याच्याकडून मागवता येईल.

पान उघडेपर्यंत माझा चहा पिऊन होतो. पावसात तर विचारूच नका. कंटाळलो. विकू की थांबू? एका शब्दात सांगा, निबंध नकोत.

पणजीपार | रात्री ९:५२

८१० म्हणजे काय? फ्रीज? आणि भाऊ कुठून येतोय? पुण्याहून असेल तर, तिथे स्वाइन फ्लू चाललाय, आधी मास्क मागवा, मग बाकीचं बघू.

लिनक्सबाबा | रात्री १०:१५

पणजीपार, ८१० म्हणजे नोकियाचा एन८१०. इंटरनेट टॅबलेट. २००५ साली ७७० आला, २००७ च्या सुरुवातीला एन८००, आणि त्याच वर्षाच्या शेवटाला हा. ४.१ इंची पडदा, ८०० बाय ४८०, सरकवून बाहेर येणारा कीबोर्ड, जीपीएस, ४०० मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, १२८ एमबी रॅम. आत लिनक्स. सिम घालायला जागाच नाही, नेट हवं तर वाय-फाय नाहीतर ब्लूटूथने फोन जोडायचा.

आता अफवेबद्दल. आरएक्स-५१ या सांकेतिक नावाचं यंत्र तयार होतंय, त्याला एन९०० म्हणतील अशी चर्चा आहे. अफवा सोडा, पण पुढची प्रणाली, म्हणजे मायमो ५, ओमॅप ३ जातीच्या प्रोसेसरवर चालणार आणि मोबाइल नेटवर्कही धरणार, हे खुद्द नोकियाच्याच लोकांनी गेल्या वर्षी सांगितलंय. तुमच्या ८१० मध्ये ओमॅप २ आहे, त्यामुळे मायमो ५ त्यावर येणार नाही. पण निराश होऊ नका! काही मंडळी 'मेर' नावाच्या प्रकल्पात जुन्या यंत्रांसाठी तीच प्रणाली उतरवताहेत. मी ८०० वर टाकून पाहिलं. एका रविवारचं काम आहे.

रसिका_डिचोली | रात्री १०:२०

फोन कोणता आहे?

बांबोळी_हाइट्स | रात्री १०:४१

दोन्ही सोडा, आयफोन घ्या. गेल्या ऑगस्टात आपल्याकडे आला तेव्हा ८ जीबीचा ३१ हजारांना होता. मी घेतला. नेट, फोन, गाणी, सगळं एकात. आता नव्या प्रणालीत कॉपी-पेस्टसुद्धा आलं.

लिनक्सबाबा | रात्री १०:४६

कॉपी-पेस्ट आलं म्हणून पेढे वाटायचे दिवस आले! ८१० मध्ये पहिल्या दिवसापासून आहे. फ्लॅशही चालतं. तुमच्यात चालतं का?

बांबोळी_हाइट्स | रात्री १०:५३

माझ्या बायकोलाही तो वापरता येतो. तुमच्या ८०० साठी रविवार काढून ठेवावा लागतो.

पाटोचा_पूल | रात्री ११:१०

त्याच पैशात छोटा लॅपटॉप येतो. नेटबुक. नऊ इंची पडदा, व्यवस्थित कीबोर्ड, एक्सेल चालतं. माणसाने हातभर यंत्र घ्यावं, बोटभर नाही. डोळे जातात.

वाळवंटीकाठ | शुक्रवार, १४ ऑगस्ट, सकाळी ७:०५

निबंध नको म्हटलं होतं. आयफोन नको. नेटबुक नको, मांडीवर ठेवायला मांडी रिकामी नसते आणि प्लग कुठे शोधू? मी बार्जवर असतो. भाऊ मस्कतहून येतोय. प्रश्न एवढाच, नऊ हजार घेऊ की नको?

पणजीपार | सकाळी ९:३०

बार्जवर?! हे आधी सांगायचं की नाही?

रसिका_डिचोली | सकाळी ९:३४

हो, आणि फोन कोणता तेही राहिलंय.

वाळवंटीकाठ | दुपारी १:१५

फोनचा काय संबंध, मी टॅबलेटबद्दल विचारतोय.

बरं, बार्जचं सांगतो. आमोण्याला खनिज भरायचं, मुरगाव बंदरात नेऊन रिकामं करायचं. किती भरलं, किती वाजता सुटलो, कुठे अडकलो, हे ऑफिसला मेल करावं लागतं. भरती-ओहोटीचे आकडेही बघतो. पावसाळ्यात आग्वादच्या तोंडाशी वाळूचा दांडा असतो नि समुद्र खवळलेला, तिथून बाहेर पडता येत नाही. मग मांडवीतून कुंभारजुव्याच्या कालव्याने आत शिरून जुवारीत उतरायचं. तो रस्ता चिंचोळा आणि वळणाचा. समोरून दुसरं बार्ज आलं की थांबा, पाणी उतरलं की थांबा. तेव्हाच तर वेळ असतो, आणि तेव्हाच पान उघडत नाही.

पणजीपार | दुपारी १:४०

कुंभारजुव्यात तुम्हाला मानगे दिसतात का हो? आम्ही लहानपणी मामाकडे दुर्भाटला जायचो. पौषातल्या अमावास्येला मानगेथापणी असायची. खाजनातला, म्हणजे खाडीकाठच्या शेतातला, चिखल आणून त्याची मगर करायची, खवल्यांच्या जागी शिंपल्या, आणि पूजा. बांध राखणारा तो, शेतात खारं पाणी शिरू देत नाही अशी समजूत. मामा म्हणायचा, खरा मानगे बघितला तर वाट सोड, मातीचा बघितला तर पाया पड.

वाळवंटीकाठ | दुपारी २:०२

दिसतात. ओहोटीला चिखलावर आ वासून पडलेले असतात. आमचा तांडेल, म्हणजे बार्जचा प्रमुख, सांगतो, पूर्वी जास्त दिसायचे.

अहो पण माझा प्रश्न!

शब्दवेडी | दुपारी २:३०

मला एक विचारायचं होतं, धागा निघालाच आहे तर. या ८१० वर मराठी दिसतं का? माझ्या फोनवर ही साइट उघडली की नुसते चौकोन.

लिनक्सबाबा | दुपारी २:४४

चौकोन म्हणजे फॉन्ट नाही. ८१० वर लोहितसारखा देवनागरी फॉन्ट उतरवून घरच्या फोल्डरात '.फॉन्ट्स' नावाच्या लपलेल्या फोल्डरात (नाव अर्थातच रोमनमध्ये) टाकायचा आणि यंत्र बंद करून चालू करायचं. टिंब विसरू नका. मराठी टंकायचं असेल तर ते वेगळं प्रकरण आहे, त्यावर मी स्वतंत्र धागा काढीन.

बांबोळी_हाइट्स | दुपारी २:५०

काढा, काढा. रविवार आहेच परवा.

पाटोचा_पूल | दुपारी ३:२०

बार्जवर नेटबुकसाठी गाडीच्या बॅटरीवरून चार्ज करायचं यंत्र मिळतं. मी कर्नाटकात फिरतीवर असताना वापरायचो.

रसिका_डिचोली | दुपारी ३:४८

वाळवंटीकाठ, तुमच्या टॅबलेटला सिम नाही. नदीत वाय-फाय नाही. म्हणजे नेट येतं ते तुमच्या फोनमधूनच. नळाला धार नाही म्हणून तुम्ही बादली बदलायला निघालाय. आदीं सांगात, फोन खंयचो?

वाळवंटीकाठ | सायंकाळी ६:३०

६३१०आय. बाबांचा जुना. एकदा चार्ज केला की आठवड्याचं बघावं लागत नाही, चिखलात पडला तरी चालतो, म्हणून बार्जवर तोच नेतो.

रसिका_डिचोली | सायंकाळी ६:४१

मिळालं उत्तर. तो फोन २००२ सालचा. फोन म्हणून चांगलाच आहे, फेकू नका. पण त्यात ब्लूटूथ आणि जीपीआरएस, म्हणजे जुनं संथ मोबाइल नेट, एवढंच, त्यापुढचं वेगवान एज नाही. जीपीआरएसचा वेग सगळं जुळून आलं तर सेकंदाला ४० किलोबिटच्या आसपास, म्हणजे ५ किलोबाइट. चित्रांसकट वर्तमानपत्राचं पान ४०० किलोबाइटचं धरा. ८० सेकंद. तेही टॉवरवर गर्दी नसेल आणि सिग्नल अखंड राहिला तर. तुमचा चहा बरोबर तेवढ्यात होतो.

एजवर तेच काम तिपटी-चौपटीने लवकर होतं. टॅबलेट तोच ठेवून. उलट टॅबलेट नवा घेऊन नेट त्याच ६३१०आय मधून घेतलंत तर नव्या पडद्यावर तेवढाच वेळ वाट बघाल.

लिनक्सबाबा | सायंकाळी ६:५५

पण आरएक्स-५१ मध्ये फोन आतच असेल! त्याला ६३१०आय लागणार नाही.

रसिका_डिचोली | सायंकाळी ७:०१

असेल. तो बाजारात असेल तेव्हा असेल. भाऊ १९ तारखेला उतरतोय, दुकानात जे नाही ते कुठून आणणार?

लिनक्सबाबा | सायंकाळी ७:०४

हा मुद्दा मान्य. रॅमचा प्रश्न मात्र राहतोच. १२८ एमबीत चार पानं उघडली की ८१० दमतो.

रसिका_डिचोली | सायंकाळी ७:१२

चार उघडू नयेत. मेल आणि भरतीचं पान, दोनच. आणि ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्रं बंद करा, ते आजच करा, फुकट आहे.

फोन घ्यायचाच तर मस्कतहून ई६३ मागवा. त्यात एज आहे, पुढेमागे इथे थ्रीजी पोचलं तर तेही चालेल. आणखी एक गंमत, त्याची बॅटरी बीपी-४एल. तुमच्या ८१० चीही तीच. म्हणजे एक जादा बॅटरी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून खिशात ठेवली की जो आधी मरेल त्याला लावायची.

पण मागवण्याआधी एक करा. तुमचं सिम कुणाच्या तरी एजवाल्या नोकियात घालून आमोण्याच्या धक्क्यावर आणि कालव्यात बघा. वर सिग्नलजवळ इंग्रजी ई उमटतो का. नाही उमटला तर फोनचेही पैसे वाचले.

बांबोळी_हाइट्स | सायंकाळी ७:३०

आयफोनमध्येही एज आहे.

पणजीपार | सायंकाळी ७:३३

आणि पावसात भिजलेल्या बोटाने तो चालतो का? ८१० नखाने, काडीने, पेनाच्या टोपणाने, कशानेही चालतो. दाबलं की झालं. माझ्या भाच्याचा आयफोन मासळी बाजारात ओल्या हाताने कॉल घेईना, शेवटी मासळीवालीने आपल्या पदराला पुसून दिला. ब्रँड बघू नये, हात बघावा.

बांबोळी_हाइट्स | सायंकाळी ७:३८

मी मासळी विकत नाही.

वाळवंटीकाठ | रविवार, १६ ऑगस्ट, रात्री ८:५०

काल तांडेलाच्या फोनमध्ये माझं सिम घालून पाहिलं. सुट्टी होती, तरी चावी माझ्याकडे, गेलो धक्क्यावर. ई उमटला. ब्लूटूथने ८१० जोडला, चित्रं बंद केली. मेल गेली. मी चहा मागवला होता, तो यायच्या आत. कालव्यातलं मंगळवारी कळेल.

ऑफिसातल्या माणसाला शुक्रवारी रात्रीच नाही सांगून टाकलं, तो जरा फुगलाय. भावाला ई६३ सांगितला. आई म्हणते, चवथीला माटोळीचं, गणपतीवर टांगायच्या फळा-पानांचं, सामान आणायचं सोडून हा धक्क्यावर मोबाइल घेऊन उभा.

रसिका, देव बरें करूं.

लिनक्सबाबा | रात्री ९:०५

मग आता ८१० राहिलाच आहे तर मेर टाकून बघा.

वाळवंटीकाठ | रात्री ९:०६

नाही.

शब्दवेडी | रात्री ९:२२

टिंब घातलं, तरी चौकोनच.

लिनक्सबाबा | रात्री ९:२५

तुमच्याकडे ८१० आहे का?

शब्दवेडी | रात्री ९:२७

नाही, साधा फोन आहे. मी कुठे म्हटलं ८१० आहे?

लिनक्सबाबा | शुक्रवार, २८ ऑगस्ट, सकाळी ८:१०

चवथीच्या गडबडीत कुणी पाहिलं नसेल. काल नोकियाने एन९०० जाहीर केला. अफवा खरी. आत फोन आहे, ६०० मेगाहर्ट्‌झ, २५६ एमबी रॅम, ३२ जीबी साठा, ५ मेगापिक्सेल कॅमेरा. पडदा तसाच दाबून चालणारा, पण ३.५ इंची, म्हणजे ८१० पेक्षा लहान. किंमत कर सोडून ५०० युरो, आपल्याकडचे ३५ हजारांच्या आसपास. ऑक्टोबरपासून विक्री, तीही निवडक देशांत.

पाटोचा_पूल | सकाळी ९:००

३५ हजारांत दोन नेटबुक येतात.

वाळवंटीकाठ | सकाळी ११:४५

बातमी वाचून ऑफिसातला तो परत आला. म्हणतो, आता नवीन आल्यावर तुझ्याचा भाव पडला, पाच हजारांना दे. मी म्हटलं, बाबा, कालव्यातसुद्धा ई उमटतो, दहालाही देत नाही.

ई६३ छान आहे. ६३१०आय बाबांनी परत घेतला.

नवशिका_मडगाव | दुपारी १२:३०

सर्वांना नमस्कार. मलाही साधारण हाच प्रश्न आहे. माझ्याकडे जुना ७७० आहे, नेट फार संथ चालतं. एन९०० साठी थांबू का? जरा लवकर सांगा.

रसिका_डिचोली | दुपारी १२:३२

फोन कोणता?