धनुर्वाताच्या पेशंटचा सीएसएफ (मेंदू-मज्जारज्जूभोवतीचं पाणी): प्रेशर 28, प्रथिनं 64. निदान बदलायचं का?

मेडिसिन रेसिडेंट, नागपूर
काटोलकडचे 58 वर्षांचे शेतकरी. आठवडाभरापूर्वी तळपायात बाभळीचा काटा मोडला. दोन दिवसांपासून तोंड उघडत नाही, मान-पाठ ताठ, पोट कडक. पूर्ण शुद्धीवर आहेत. मधुमेह आहे. लसीचं काही आठवत नाही. मान ताठ म्हणून मेंदूज्वराच्या शंकेने एलपी (पाठीत सुई घालून सीएसएफ काढणं) झाली. पाणी स्वच्छ, ओपनिंग प्रेशर (सुई आत जाताच मोजलेला दाब) 28 सेंमी, पांढऱ्या पेशी 6, तांबड्या 2,000, प्रथिनं 64, साखर 84, ग्रॅम स्टेनमध्ये (जंतू शोधायच्या तपासणीत) काही नाही. धनुर्वातात सीएसएफ नॉर्मल असतो असं वाचलंय. मग हे वाढलेलं प्रेशर आणि प्रथिनं कशाची? एलपी पुन्हा करावी का?

आयसीयू, धंतोली
पुन्हा करू नका. निदान धनुर्वातच ठेवा.

आधी प्रेशरचं बघू. पेशंट कुशीवर, स्नायू सैल आणि श्वास संथ असेल तरच तो आकडा धरायचा. धनुर्वातात पोटाचे आणि पाठीचे स्नायू सतत आवळलेले असतात. पोटातला दाब वाढला की शिरांमधला वाढतो आणि मॅनोमीटरमधलं पाणी वर चढतं. सुई टोचताना स्पॅझम आला असेल तर 28 काय, त्याहून जास्तही दिसेल. नोटमध्ये मिडाझोलाम किंवा डायझेपाम (स्नायू सैल करणारी औषधं) देऊन मोजलं होतं का, ते बघा.

धनुर्वाताच्या जंतूचं विष मज्जारज्जूत पोचतं ते नसेच्या (मज्जातंतूच्या) आतून, अ‍ॅक्सॉनमधून उलटं चढत. तिथे ते सिनॅप्टोब्रेव्हिन नावाचं प्रथिन तोडतं, त्यामुळे ग्लायसिन आणि गाबा ही स्नायूंना आवरणारी रसायनं सुटत नाहीत आणि स्नायूंवरचा ब्रेक निघून जातो. या सगळ्यात मेंदूच्या आवरणाला सूज येतच नाही, मग पेशी कुठून येणार? म्हणून नॉर्मल सीएसएफने धनुर्वात सिद्ध होत नाही आणि खोडलाही जात नाही. पेशी शेकड्यांत आल्या असत्या तर मात्र मेंदूज्वर म्हणून पुढे गेलो असतो.

स्पॅच्युला टेस्ट केली का? घशाच्या मागच्या भिंतीला स्पॅच्युला (चपटी पट्टी) लावायचा. उमासा आला तर निगेटिव्ह, जबडा आवळून स्पॅच्युला चावला तर पॉझिटिव्ह. 1995 साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईच्या अभ्यासात 400 पेशंटवर हिची सेन्सिटिव्हिटी (आजार असलेल्यांना पकडणं) 94 टक्के आणि स्पेसिफिसिटी (आजार नसलेल्यांना वगळणं) 100 टक्के होती. खाटेजवळ अर्ध्या मिनिटात होते. जखमेच्या कल्चरवर विसंबू नका, खऱ्या धनुर्वातातही ते बऱ्याचदा निगेटिव्ह येतं.

आणखी दोन गोष्टी विचारून घ्या. मेटोक्लोप्रमाइड (उलटीचं औषध) किंवा हॅलोपेरिडॉल (मानसिक आजाराचं औषध) मिळालं होतं का? त्याने जबडा आवळला असेल तर प्रोमेथाझिनने सुटतो. कुचला (स्ट्रिक्नीन असलेलं विषारी बी) पोटात गेला असेल तर दोन स्पॅझमच्या मध्ये स्नायू सैल पडतात, धनुर्वातात ते ताठच राहतात. या दोन्हींत सीएसएफ नॉर्मलच येतो, तेव्हा इथे इतिहासच कामाचा.

पॅथॉलॉजी, रामदासपेठ
आकड्यांबद्दल लिहितो. 2,000 तांबड्या म्हणजे सुईचं रक्त मिसळलंय. दर 500 ते 1,000 तांबड्यांमागे एक पांढरी वजा करा. सहातून दोन ते चार गेल्या, उरलेल्या नॉर्मल. प्रथिनांत दर 1,000 तांबड्यांमागे साधारण 1 मिग्रॅ जातं, म्हणजे 62 उरतात. तेवढं रक्ताने समजावता येत नाही, पण मधुमेह आणि वय, दोन्हींनी प्रथिनं इतकी चढतात. धनुर्वातातही किंचित वाढलेली दिसू शकतात. पेशी नॉर्मल असताना एवढ्यावर मेंदूज्वर म्हणता येणार नाही.

माझा आक्षेप साखरेवर आहे. रक्तातली साखर त्याच वेळी घेतली होती का? रक्तात 140 असेल तर 84 अगदी ठीक. 300 असेल तर हीच 84 कमी भरते, आणि मधुमेही पेशंटमध्ये, त्यात धनुर्वाताच्या ताणात, 300 काही दुर्मीळ नाही. रक्ताचा नमुना एलपीच्या आधी घ्यावा. आणि पाणी तासाभरात मोजलं गेलं का तेही विचारा. खोलीच्या तापमानात न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) फुटतात, नागपूरच्या उन्हाळ्यात गाडीतून दोन तास फिरलेल्या ट्यूबमध्ये पेशी खोट्या कमी येतात. मला शंका आहे ती फक्त इथेच.

मेडिसिन रेसिडेंट, नागपूर
स्पॅच्युला टेस्ट पॉझिटिव्ह. एलपीच्या वेळची रक्तातली साखर 162. ट्यूब त्याच इमारतीत मोजली. इम्युनोग्लोब्युलिन (विष बांधणारी तयार प्रतिपिंडं, म्हणजे अँटिटॉक्सिन) पाठीतून, सीएसएफमध्ये द्यावं का?

आयसीयू, धंतोली
162 ला 84 म्हणजे निम्म्याहून जास्त, चिंता नाही.

पाठीतून देण्याचा विचार पटण्यासारखा आहे, कारण स्नायूत दिलेलं अँटिटॉक्सिन सीएसएफमध्ये फारसं पोचत नाही. 2004 मध्ये ब्राझीलच्या 120 पेशंटच्या चाचणीत फायदा दिसला होता. पण 2022 मध्ये व्हिएतनामच्या मोठ्या चाचणीत व्हेंटिलेटरची गरज कमी झाली नाही. मी रुटीन म्हणून देणार नाही. देणारच असाल तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलंच हवं.

मानवी टीआयजी (धनुर्वातावरचं इम्युनोग्लोब्युलिन) 500 युनिट स्नायूत आत्ताच द्या, थांबू नका. जे विष नसेत शिरलंय त्यावर त्याचा उपयोग नाही, बाहेरचं तेवढं बांधलं जातं. मग काट्याचा तुकडा शोधून जखम साफ करा. मेट्रोनिडाझोल 500 मिग्रॅ शिरेतून दर सहा तासांनी. धनुर्वात होऊन गेल्याने प्रतिकारशक्ती येत नाही, म्हणून टीडी लसीचा पहिला डोस वेगळ्या जागी आजच, बाकीचे नंतर. दिवे मंद, आवाज कमी, हात लावायचं काम एकत्र उरकायचं. श्वासनलिकेची तयारी खाटेशी हवी, घशाचा स्पॅझम सांगून येत नाही.

बालरोग, सदर
नवजात बाळाबद्दल भर घालते. तिथे सीएसएफ जवळजवळ नेहमी करावाच लागतो, कारण दूध ओढणं बंद होणं आणि ताठरपणा मेंदूज्वरातही असतो. पण मोठ्यांचे आकडे लावू नका. पूर्ण दिवसांच्या बाळात 15 ते 20 पांढऱ्या पेशी आणि 100 च्या आसपास प्रथिनं नॉर्मल असू शकतात. कावीळ असेल तर पाणी पिवळं दिसतं, ते जुनं रक्त समजू नये. सोबत रक्तातलं कॅल्शियम तपासायला पाठवा. आणि जन्मल्यावर दोन दिवस नीट प्यायलं, मग तिसऱ्या ते अठ्ठाविसाव्या दिवसात ओढणं सुटलं, असा इतिहास असेल तर नाळेला काय लावलं होतं ते आईला आणि सुईणीला वेगवेगळं विचारा.