शब्दचर्चा: चिनी 'जिआनझी'ला मराठीत काय म्हणावं?

विचारणा: लाल कागद कातरून केलेल्या चिनी चित्रांना कुठे 'जिआनझी', कुठे 'पेपरकट', तर कुठे 'कागदी नक्षी' लिहिलेलं दिसतं. नेमका शब्द कोणता? आणि त्यातले मासे, वटवाघळं यांना 'प्रतीकं' म्हणणं बरोबर आहे का?

उत्तर: माझं मत 'कातरकाम'ला. मूळ शब्दाचा पहिला भाग म्हणजे कात्रीने कापणं, दुसरा म्हणजे कागद. 'नक्षी' मला फार थिटा वाटतो, कारण ही चित्रं नुसती शोभेची नसतात. फक्त हपै प्रांतातल्या यूश्यानच्या कामाला 'कातरकाम' म्हणू नये. तिथे कात्री नाही, बारीक चाकू चालतो; पातळ कागदाचे थर एकत्र कोरून मग रंग देतात. ते 'कोरीव कागदकाम'.

उत्तर चीनमध्ये नववर्षाच्या आधी खिडकीच्या लाकडी जाळीला नवा पांढरा कागद लावून त्यावर ही लाल चित्रं चिकटवत. त्यांना 'छ्वांगह्वा' म्हणतात, म्हणजे खिडकीवरची फुलं. चित्रात कोंबडा असला तरी नाव 'फूल'च! तेव्हा 'खिडकीफुलं' असा शब्द करायला काहीच हरकत नाही.

आता 'प्रतीक'. बहुतेक ठिकाणी इथे खरा शब्द 'श्लेष' आहे. मासा म्हणजे 'यू', आणि शिल्लक, बरकत यालाही 'यू'च. कमळाच्या 'ल्येन'चा उच्चार 'लागोपाठ'च्या 'ल्येन'सारखाच. म्हणून कमळ आणि मासा एकत्र आले की वाचायचं: वर्षामागून वर्ष घरात शिल्लक राहो. वटवाघळातला 'फू' आणि सुखसौभाग्याचा 'फू' यांचा उच्चार एकच, म्हणून पाच वटवाघळं म्हणजे पाच सुखं. आपल्याकडे अशुभ मानलेला हा जीव तिथे लग्नघरात मिरवतो, तो केवळ नावाच्या बळावर. हरणाचा 'लू' तसाच सरकारी वेतनाच्या 'लू'शी जुळतो. ही चित्रं डोळ्यांनी पाहून अर्धीच कळतात. त्यांची नावं मोठ्याने उच्चारावी लागतात. अक्षरओळख नसलेल्या कित्येक बायकांनी हे श्लेष कात्रीने लिहिले, याचं मला फार मोल वाटतं.

पुन्हा विचारणा: मग डाळिंब? तोही श्लेष?

उत्तर: नाही, तिथे 'प्रतीक'च योग्य. दाणे पुष्कळ, म्हणून लेकरं पुष्कळ. पीच हे फळ दीर्घायुष्याचं, ते अमरत्वाच्या पुराणकथांमुळे. शिवाय ही कला श्लेषांपुरती नाही. वायव्य चीनच्या शिनच्यांगमधल्या तुर्फानजवळच्या थडग्यांत दीड हजार वर्षांपूर्वीच्या सुमाराचे कातरलेले कागद सापडले आहेत. घडी घालून गोल कापलेले, त्यांत घोड्यांच्या आणि माकडांच्या जोड्या. युनेस्कोने 2009 मध्ये या कलेला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

दारावर उलटा चिकटवलेला 'फू', म्हणजे सुखसौभाग्याचं चिनी अक्षर, मात्र पुन्हा श्लेषच: 'उलटा' आणि 'आला' या दोन्हींचा उच्चार 'ताओ', म्हणून दारावरचा उलटा 'फू' म्हणजे सुख घरी आलं.