फेर: फेर: पडवीचे वासे, फणस की साग? (सुतार गुरुवारपर्यंतच)

केळशीकर:
मंडळी, घाईत लिहितोय. घरी आलोय, रजेचे नऊ दिवस उरलेत. पुढच्या पडवीची कौलं उतरवली तर बारापैकी सात वासे वाळवीनं पोकळ. वरून रंग शाबूत, आत माती. माजघरावरचा जुना साग ठणठणीत आहे. सुतार म्हणतो, आपलाच फणस कापू (तोच, निसर्ग वादळात पडलेला, 2020 पासून ओंडके गोठ्यात आहेत). वखारवाला सागावर अडून. बहीण म्हणते लोखंड लाव, पत्रा टाक, मोकळा हो. काय करू?

कुडाळचे काका:
घरचो फणस आसताना साग कित्याक व्हयो? आमच्या देवघराचे खांब फणसाचेच आसत. वखारवाल्याक काय, तेका साग खपवचो आसा.

वहिनी (स्ट्रक्चरल इंजिनियर):
काका, देवघरातला खांब पावसात भिजत नाही. पडवीच्या वाशाचं टोक चार महिने वळचणीला ओलं असतं. फणस चालेल, पण फक्त पिवळा गाभा. कडेचा पांढरा भाग किडा आधी खातो, तो तासून टाकायला लावा. आणि ओंडका कितीही वर्षं पडून असला तरी आतून वाळलेला असेलच असं नाही. आधी एक कापून बघा. ओंडके मातीला टेकून होते का? लोखंडाचं म्हणाल तर समुद्र किती लांब आहे ते सांगा.

हर्णैकर:
लोखंडाला उगाच नावं ठेवू नका. आमच्याकडे बारा वर्षं उभं आहे. दर दोन वर्षांनी घासून रंग द्यावा लागतो, एवढंच. पत्र्यावर पाऊस पडला की फोनवर आईचं बोलणं ऐकू येत नाही, हे मात्र खरं.

दिवेआगरवाले:
पत्र्याचा मुख्य फायदा कोणी बोललंच नाही: वानरं! आमची कौलं दरवर्षी फुटतात. गेल्या मे महिन्यात एक टोळी आली नि दुपारभर पडवीवरच नाचत होती.

हर्णैकर:
वानरं पत्र्यावरही नाचतात. आवाज दुप्पट.

अलिबागची मावशी:
वासे ठरवताय, पण ओंडके गिरणीत न्यायचे कसे? फणस 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहे. झाड वादळानं पाडलं हे तुला ठाऊक, नाक्यावरच्या माणसाला नाही. टेम्पो भरण्याआधी वनपालांना भेट. तेव्हाचा पंचनामा असेल तर बरोबर ने. आम्ही कागदाशिवाय निघालो होतो, अख्खा दिवस रस्त्यात गेला.

कुडाळचे काका:
म्हणान सांगतंय, कापूचा मशीन दारात आणा.

मावशी:
दारात कापलं तरी आधी विचारलेलं बरं.

सचिव:
ही ईमेल-यादी मंडळाच्या कार्यक्रमांसाठी आहे, हे मखराच्या वादानंतर ठरलं होतं. गणपतीची वर्गणी अजून निम्म्या घरांची बाकी आहे. असो. केळशीकर, वाशाचं जे टोक भिंतीत जाणार त्याला काजूच्या टरफलाचं तेल पाजा. बाबा ब्रशनं लावत नसत, टोक रात्रभर डब्यात उभं करून ठेवत. हातमोजे घाला, कातडी सोलवटते.

हर्णैकर:
म्हणजे वाशांवर सचिव बोलले की विषय यादीत बसतो. छान.

केळशीकर:
वहिनी, समुद्र हाकेवर आहे, म्हणून लोखंड बाद. बहिणीला कळवलं, ती फुगलीय. मावशी, पंचनामा सापडला, वीजबिलांच्या फाइलीत होता. वनपालांना भेटलो, कागद झाला, काल कापलं. चार ओंडक्यांपैकी मातीला टेकलेला एक पार गेला. तिघांचा गाभा हळदीसारखा पिवळा, त्यात पाच वासे निघाले. उरलेले दोन सागाचे घेतले, वखारवाल्यानं उपकार केल्यासारखे दिले. पाचही अजून जड लागतायत, पण रजा थांबत नाही. आज टोकं तेलात उभी आहेत.

आता सुतार विचारतोय, रिपा (कौलं टेकतात त्या आडव्या पट्ट्या) कसल्या? अंतर जुन्या कौलाच्या मापानं धरतोय, कारण वखारीतली नवी कौलं बोटभर आखूड आहेत. उत्तर उद्या सकाळपर्यंत द्या. आणि काका, आंब्याच्या म्हणू नका.

कुडाळचे काका:
मी आंब्याच्याच म्हणूचो होतंय.