पॅलेस थिएटर तीस फूट वर उचलले, खाली दुकाने आणि वर हॉटेल: याला नाट्यगृहाचे जतन म्हणावे का?

प्रश्न: रंगपीठ

मी कोल्हापूरचा असून नाटकांच्या प्रकाशयोजनेचे काम करतो. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले आणि १९१५ साली पूर्ण झालेले आमचे पॅलेस थिएटर, म्हणजेच आजचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत सापडले. तेव्हापासून जुने नाट्यगृह ‘परत उभे करणे’ म्हणजे नेमके काय परत आणणे, हा विषय आम्हा मंडळींच्या बोलण्यात सतत येतो. त्या निमित्ताने वाचताना न्यूयॉर्कच्या पॅलेस थिएटरची हकीकत समोर आली आणि मी बराच अस्वस्थ झालो.

हे थिएटर मार्च १९१३ मध्ये टाइम्स स्क्वेअरला सुरू झाले. व्हॉडव्हिल, म्हणजे गाणी, नकला, कसरती आणि छोटे प्रवेश यांच्या मिश्र कार्यक्रमाचे अमेरिकेतील सर्वांत मानाचे ठिकाण म्हणून ते ओळखले जाई. पुढे ते चित्रपटगृह झाले आणि १९६६ पासून पुन्हा नाटकांकडे आले. सप्टेंबर २०१८ मध्ये ते बंद करण्यात आले आणि २०२२ मध्ये संपूर्ण प्रेक्षागृह सुमारे तीस फूट वर उचलले गेले. खालच्या मोकळ्या जागेत दुकाने आणि वर हॉटेल, अशा सेहेचाळीस मजली इमारतीच्या पोटात राहून ते मे २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाले.

जाणकारांना माझे विचारणे असे, की रस्त्यावरचे दार, जमिनीशी असलेले नाते आणि बाहेरचे रूप गेल्यावर जे उरते, त्याला जतन म्हणता येते का? शिवाय, हॉटेल बांधणाऱ्याने एवढा खटाटोप का केला असावा? त्याला नाटकाचे प्रेम होते, की कुणी भाग पाडले?

उत्तर: तुळई

मी संरचना अभियंता आहे, त्यामुळे आधी उचलण्याविषयी लिहितो. कारण या कामातील जोखीम कुठे होती हे कळल्याशिवाय काय वाचवले हेही नीट कळणार नाही.

उचललेल्या भागाचे वजन सुमारे सात हजार टन होते. एवढे वजन उचलणे हा आज अवघड प्रश्न राहिलेला नाही, कारण पुरेसे जॅक आणि भक्कम आधार असले की ते साधते. अवघड असते ते सगळीकडे सारखे उचलणे. १९१३ च्या प्रेक्षागृहात छताचे घुमट, बॉक्सच्या (बाजूच्या उंच, खास बैठकींच्या) कठड्यांवरची नक्षी, रंगमंचाच्या कमानीभोवतीची वेलबुट्टी हे सारे दगडी काम वाटले, तरी ते साच्यांतून काढलेल्या प्लॅस्टरचे असते. लोखंडी जाळीवर थापलेले किंवा वरच्या सांगाड्याला टांगलेले हे प्लॅस्टर ताण सोसत नाही. एक कोपरा दुसऱ्यापेक्षा थोडासा जरी आधी वर गेला, तरी त्याला तडा जातो आणि शंभर वर्षांची नक्षी खाली येते.

म्हणून आधी प्रेक्षागृहाच्या जुन्या भिंतींना खालून पोलाद आणि काँक्रीटचा कडेकोट आधार देऊन ती सारी पेटी एकजीव करण्यात आली, तिच्याखाली नवे खांब उतरवले आणि मग हायड्रॉलिक जॅकच्या साहाय्याने अगदी थोडेथोडे, मोजमाप घेत, उचलत नेले. उचलण्याचे काम एप्रिल २०२२ मध्ये पूर्ण झाले. त्याच काळात भोवताली आणि डोक्यावर नव्या इमारतीचे काम चालू होते, हे लक्षात घेतले तर या कामाची शिस्त ध्यानात येते.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. तुम्हाला वाटते तसे हे थिएटर २०१८ पर्यंत मूळ रूपात उभे नव्हते. त्याच्या डोक्यावर १९९० च्या सुमारास आधीच एक हॉटेल बांधून झाले होते आणि बाहेरचे रूप तेव्हाच झाकले गेले होते. नव्या प्रकल्पाने त्या हॉटेलचा बराचसा भाग पाडला, पण खालचा काही सांगाडा मुद्दाम ठेवला. सगळेच पाडले असते, तर आजच्या नियमांप्रमाणे तेवढे बांधकाम क्षेत्रफळ पुन्हा मिळाले नसते. आपल्याकडे एफएसआयचे गणित ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे लगेच समजेल.

उत्तर: तिसरी घंटा

रंगपीठ, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘भाग पाडले’ असेच आहे. हे भाग पाडणे कुठून आले, ते सविस्तर सांगण्यासारखे आहे.

मी न्यू जर्सीत राहतो आणि ब्रॉडवेच्या, म्हणजे न्यूयॉर्कमधल्या टाइम्स स्क्वेअरभोवतीच्या व्यावसायिक नाट्यपरिसराच्या, इतिहासाचा मला नाद आहे. इथल्या रंगकर्मींच्या मनातला सल २२ मार्च १९८२ चा आहे. टाइम्स स्क्वेअरमध्ये मॅरिएट कंपनीचे मोठे हॉटेल बांधण्यासाठी मोरॉस्को, हेलन हेज, बिजू, अ‍ॅस्टर आणि गेइटी अशी पाच जुनी थिएटरे पाडण्यात आली. निर्माते जोसेफ पॅप यांच्या पुढाकाराने नटनट्या रस्त्यावर उतरल्या, न्यायालयात लढा झाला, अटकाही झाल्या. पण न्यायालयाची स्थगिती उठताच त्याच दिवशी यंत्रे चालू झाली. त्या हॉटेलात १९८६ साली मार्क्विस नावाचे नवे थिएटर सुरू झाले, म्हणजे गणिताने पाच गेली आणि एक आले. पण मोरॉस्कोसारखी जवळिकीची थिएटरे, जिथे शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला नटाच्या चेहऱ्यावरची रेघ दिसत असे, ती या हिशेबात कुठेच धरली गेली नव्हती.

त्या पाडापाडीचा परिणाम म्हणून शहराच्या वारसा आयोगाने ब्रॉडवेच्या थिएटरांचा पद्धतशीर अभ्यास केला आणि १९८७ च्या सुमारास त्यांतील बहुतेकांना संरक्षण दिले. पॅलेसच्या अंतर्भागाला ते जुलै १९८७ मध्ये मिळाले. इथे ‘अंतर्भागाला’ हा शब्द महत्त्वाचा आहे. बाहेरच्या रूपाला संरक्षण मिळाले नाही, म्हणून ते झाकता आले. प्रेक्षागृहाला मिळाले, म्हणून पुढच्या प्रत्येक विकसकाला ते गृहीत धरूनच नकाशा काढावा लागला. टाइम्स स्क्वेअरच्या कोपऱ्यावर तळमजल्याच्या दुकानांना जे भाडे मिळते, ते पाहता थिएटर तिथे असणे ही विकसकाच्या दृष्टीने अडचणच होती. ते पाडता येत नव्हते, म्हणून उचलले. वारसा आयोगाने २०१५ साली आणि नगर परिषदेने २०१८ साली परवानगी दिली, तेव्हा जतनाची कामे हा त्या परवानगीचाच भाग होता.

याच्याच जोडीला आणखी एक तरतूद आहे. १९९८ पासून या परिसरातील संरक्षित थिएटरांना आपल्या डोक्यावरचे न वापरलेले बांधकाम हक्क नाट्यपरिसरातच दुसऱ्या भूखंडाला विकता येतात. त्या बदल्यात थिएटर नाटकासाठीच राहील, अशी हमी द्यावी लागते. मालकाला जुनी वास्तू सांभाळण्यासाठी पैसा मिळतो आणि थिएटरचे गोदाम होत नाही. माझ्या मते नुसत्या मनाईपेक्षा ही तरतूद अधिक शहाणपणाची आहे.

जतन म्हणावे का, यावर माझे मत ‘होय, पण अर्धे’ असे आहे. पॅलेसमध्ये बसल्यावर कठडे, बॉक्स, छत आणि बाल्कनीचा उतार हे सारे तेच आहे. मात्र सत्तेचाळिसाव्या रस्त्यावरून आत शिरून वरच्या मजल्यावर पोहोचेपर्यंत जो प्रवास होतो, तो नव्या इमारतीचा आहे. रस्त्यावरून थेट पायरी चढून नाटकाला जाण्याचा अनुभव गेला, आणि तो परत येणार नाही.

उत्तर: पश्चिम किनारा

लॉस एंजेलिसचे उदाहरण याहून निराळे आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. तिथल्या डाउनटाउनमध्ये ब्रॉडवे नावाच्याच रस्त्यावर युनायटेड आर्टिस्ट्स कंपनीने १९२७ साली बांधलेले स्पॅनिश गॉथिक धाटणीचे थिएटर आहे. वर कचेऱ्यांचा मनोरा आणि खाली थिएटर, अशी ती मूळचीच रचना. बरीच वर्षे ते एका धर्मप्रसारकाच्या ताब्यात होते. २०१४ साली मनोऱ्यात हॉटेल आले, तेव्हा थिएटरही दुरुस्त होऊन कार्यक्रमांसाठी खुले झाले. इथे काही उचलावे किंवा झाकावे लागले नाही, कारण हॉटेलने इमारतीचे मोजमाप स्वीकारले होते.

पुढची घडामोड अधिक बोलकी आहे. ते हॉटेल जानेवारी २०२४ अखेर बंद झाले, तरी थिएटर चालू राहिले. थिएटरचा कारभार हॉटेलच्या नफ्यातोट्याला पूर्णपणे बांधलेला नसेल, तर एक बुडाल्यावर दुसरे तरते.

रंगपीठ

सर्वांचा मनापासून आभारी आहे. बाहेरचे रूप आधीच झाकलेले होते, हे मला ठाऊक नव्हते आणि त्यामुळे माझा रोख थोडा बदलला. तरीही एक शंका उरते. मी रंगमंचामागे वावरणारा माणूस आहे. वारसा म्हटले की सर्वांचे लक्ष झुंबरांकडे आणि नक्षीकडे जाते, पण रंगपट, विंगेतील जागा, नेपथ्य उतरवण्याची सोय, दिव्यांचे बार यांचे काय झाले? आमच्याकडेही पुनर्बांधणीच्या चर्चेत दर्शनी भागाविषयी पुष्कळ ऐकू येते आणि विंगेविषयी फारच कमी.

उत्तर: तिसरी घंटा

हाच प्रश्न पॅलेसच्या बाबतीत हॉटेलवाल्या आराखड्याच्या बाजूने जातो, हे मान्य करायला हवे. जुन्या पॅलेसमध्ये प्रेक्षकांची सभागृहाबाहेरची जागा अपुरी होती, स्वच्छतागृहे कमी होती आणि रंगमंचामागे दाटी होती. ब्रॉडवेच्या बहुतेक जुन्या थिएटरांचे हेच दुखणे आहे, कारण चारही बाजूंनी वेढलेल्या भूखंडावर वाढायला जागाच नसते. उचलताना भोवतालची नवी इमारत मोकळी असल्यामुळे लॉबी, स्वच्छतागृहे, रंगपट आणि मागची जागा वाढवता आली. एरवी हे कधीच शक्य झाले नसते. त्याची किंमतही आहे. रंगमंच तीस फूट वर गेल्यामुळे नेपथ्य ट्रकमधून उतरवून थेट आत ढकलता येत नाही, ते लिफ्टने चढवावे लागते. आणि नेपथ्य लावण्या-काढण्याचा खर्च किती हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

याच्या उलट उदाहरण जवळच, चव्वेचाळिसाव्या रस्त्यावर आहे. १९०३ चे हडसन थिएटर शेजारच्या हॉटेलच्या मालकीत आले आणि वर्षानुवर्षे त्या हॉटेलचे सभा-समारंभांचे सभागृह म्हणून वापरले गेले. नक्षी, रंगीत काचा, लॉबी असे सारे शाबूत होते, संरक्षणही १९८७ पासून होते. फक्त नाटक नव्हते. नाट्यगृहे चालवणाऱ्या एका कंपनीने ते दीर्घ भाडेकराराने घेतले, रंगमंचाची यंत्रणा नव्याने उभारली, आणि २०१७ मध्ये तिथे पुन्हा प्रयोग सुरू झाले. म्हणून तुमच्या मंडळींनी नकाशा पाहताना विंगेची रुंदी, माळ्याची उंची आणि ट्रक लागण्याची जागा आधी तपासावी, आणि वर्षातल्या किती तारखा नाटकासाठी राखीव राहतील हे लेखी मागून घ्यावे. दर्शनी भागाची काळजी घेणारे पुष्कळ असतात. हे मागणारे तुम्हीच आहात.