मदत हवी आहे: तोतरेपणा असताना शास्त्रपाठ वाचण्याचे धैर्य कसे मिळवावे?

सर्वांना जय ख्रिस्त.

माझे वय 34 असून मी लहानपणापासून तोतरा बोलतो. आमची मंडळी अहिल्यानगर जिल्ह्यातील एका गावात आहे. नाताळच्या उपासनेत लूककृत शुभवर्तमानाचा 2रा अध्याय मी वाचावा, असे पाळकसाहेबांनी सुचवले आहे आणि मी अद्याप होकार दिलेला नाही.

रोजच्या बोलण्यात एखादा शब्द अडणार असे जाणवले की मी आधीच दुसरा शब्द शोधून वेळ मारून नेतो. शास्त्रपाठात मात्र शब्द बदलण्याची सोय नसते. पहिल्याच वचनात ‘कैसर औगुस्त’ येतो आणि चौथ्यात ‘बेथलेहेम’. ‘ब’ला माझे ओठ मिटले की उघडतच नाहीत आणि त्या शांततेत पुढच्या बाकावरची मुले मान वर करून पाहू लागतात. गाताना मात्र मी कधीच अडखळत नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीते मी मंडळीबरोबर पहिल्या कडव्यापासून शेवटपर्यंत मोकळ्या आवाजात म्हणतो.

काही वर्षांपूर्वी एका प्रार्थनासभेत माझ्यावर हात ठेवून प्रार्थना झाली. वाणी सुटली नाही, तेव्हा ‘तुमचा विश्वास कमी पडला’ असे मला सांगण्यात आले. ते वाक्य आजही मनातून जात नाही. परंतु बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या 4थ्या अध्यायात मोशे आपली जीभ जड असल्याचे सांगतो, तेव्हा देवाने ती जीभ बरी केली असे तिथे लिहिलेले नाही. देव त्याच्या मुखाबरोबर राहण्याचे अभिवचन देतो आणि तरीही मोशे मागे सरतो, तेव्हा अहरोनाला त्याच्या सोबतीला देतो. प्रेषित पौलानेही शरीरातील काटा, म्हणजे त्याला जडलेला त्रास, निघावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा राहिला, कृपा मात्र पुरेशी ठरली. त्यामुळे मी निर्दोष वाणीऐवजी अडखळत उभे राहण्याचे धैर्य मागावे, असे मला वाटू लागले आहे. हे योग्य आहे, की मी पळवाट शोधतो आहे? माझी धाकटी बहीण माझ्याबरोबर वाचायला तयार आहे. तिची सोबत घेणे म्हणजे देवावरचा भरवसा कमी असणे ठरेल का? ज्यांना असा अनुभव आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद:

बंधू, मीही तोतरा आहे आणि गेली अनेक वर्षे शब्बाथ शाळेत शिकवतो. बहिणीला अवश्य सोबत घ्या. अहरोन देवानेच दिला होता, तेव्हा सोबत घेण्यात अविश्वास कसा असेल? शिवाय दोघांनी एका सुरात वाचले की आपल्यासारख्यांची जीभ बहुधा अडत नाही, जशी ती गाताना अडत नाही. पुढे बायबलमधील अनुवाद नावाचे पुस्तक उघडून पाहा: जीभ जड असल्याचे सांगणारा मोशेच यार्देनेपलीकडे साऱ्या इस्राएलाशी बोलतो आहे आणि जवळजवळ सगळे पुस्तक त्याच्याच भाषणांचे आहे.

वाचण्यापूर्वी मंडळीला एका वाक्यात सांगून टाका की मी मधे थांबेन, आपण थांबावे. लपवण्याचा ताण गेला की निम्मे ओझे उतरते, असा माझा अनुभव आहे. ‘बेथलेहेम’ला ओठ घट्ट दाबू नका, श्वास सोडता सोडता ते हलकेच टेकवा. मंदिर रिकामे असताना बहिणीला शेवटच्या बाकावर बसवून चार-पाच वेळा वाचून पाहा. स्पीच थेरपिस्टकडे जात असाल तर तेही चालू ठेवा; प्रार्थना आणि उपचार यांचे वैर नाही. पाळकसाहेबांना होकार मात्र या रविवारीच कळवा, म्हणजे सरावाला पुरेसे दिवस मिळतील.