जुगाड की चालढकल? कोकणातली घरं आणि एमसील

गुहागरचा_गडी
वाद घालायचाच आहे म्हणून लिहितोय. एमसील (फटी बुजवायची पुट्टी), सायकलची ट्यूब, बाइंडिंग तार आणि काळी टेप, एवढ्यावर आपल्याकडे घरं उभी आहेत आणि वर त्याचं कौतुक. घाटावर चालतं ते किनाऱ्यावर चालत नाही, हवाच खारी. टाकीच्या पाइपला आवळलेली बाइंडिंग तार पावसाळा संपेस्तोवर हातात चुरा होऊन येते. जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपला पितळी कॉक लावला की जोडाजवळ पाइपच आधी गंजतो, त्यावर एमसील थापायचं, तेही ओल्यावरच, म्हणजे ते धरणार कसं? स्क्रू घ्यायचे तर ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे घ्या, त्यात मॉलिब्डेनम असतं म्हणून मीठ सोसतं. ३०४ वर समुद्राजवळ तांबूस डाग येतातच. महाग आहे, पण एकदाच. बोला आता.

देवगडी_कलम
गाववाल्यानु, तुजो ३१६ चो स्क्रू खंय गावतलो ता सांग आदी!
बरं आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. बागेतल्या विहिरीचा पंप पाणी धरत नाही, पाइपाच्या तळाशी पाणी अडवणारी झडप असते ना, फुटव्हॉल्व, तिची चकती गेलेली, मे महिना, नवीन लावलेली कलमं माना टाकतायत. जुन्या ट्यूबची चकती कापून बसवली की पंप चालू. आणि व्हॉल्व वर काढायलाही माणूस नसेल तर शेणाचा पातळ काला पाइपात ओततात, तो फटीत जाऊन बसतो आणि पाणी धरलं जातं. तालुक्याला जाऊन येण्यात दिवस मोडतो त्याचं काय?

चाकरमानी_दादर
शेण??? आणि तेच पाणी पिता तुम्ही?

देवगडी_कलम
बागेची विहीर म्हटलं ना बाबा. पिण्याची वेगळी.

वायरमन_काका
पाण्याचं काय ते करा, लाइटला हात लावू नका एवढंच सांगायला आलो. किटकॅट फ्यूज (आत बारीक तार असलेला) उडाला की लोक जाड तांब्याची तार घालतात आणि म्हणतात आता उडत नाही. अहो उडण्यासाठीच असतो तो, तो वितळला नाही तर भिंतीतली वायर तापणार, आणि आपल्या घरांना वर वासे-रिपा सगळं लाकूड. पावसाळ्यात भिंती ओल्या, अर्थिंगचा खड्डा कोणी वर्षानुवर्षं बघितलेला नसतो. ३० मिलीअँपची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइट तोडणारा स्विच, बसवून घ्या. गॅसच्या नळीला टेप गुंडाळणारेही बघितलेत मी, त्यांना काय बोलायचं, ती सुरक्षा नळी ५ वर्षांनी बदलायचीच असते.

श्रीवर्धनची_सून
काकांशी सहमत पण गडी, तुमचं पटत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा एक तर लॉकडाउन, त्यात कौलं नाहीत पत्रे नाहीत लाइट नाही आणि डोक्यावर पाऊस सुरू होणार. ताडपत्री आणि काथ्याची दोरी नसती तर माणसं कुठे झोपली असती? काथ्याच म्हणते हां, प्लास्टिकची दोरी उन्हाने भुसभुशीत होते, काथ्या खारं पाणीसुद्धा सोसतो. पत्रे आवळायच्या जे-हुकला डांबरी वॉशर मिळेनात तर ट्यूबचे गोल तुकडे घातले लोकांनी. चांगले धरले.

गुहागरचा_गडी
वादळातलं कोण नाकारतंय! पण ते तुकडे नंतर बदलले का? आमच्याकडे गणपतीपुरतं केलेलं शिमग्यापर्यंत जातं, शिमग्याला म्हणतात आता गणपतीतच बघू. तोवर वासा कुजलेला असतो. माझा राग ट्यूबवर नाही, "चाललंय ना" म्हणणाऱ्यांवर आहे.

चाकरमानी_दादर
हे आम्हालाच लागलं बहुतेक. वर्षभर बंद घर, कुलूप गंजलेलं, शेजारचे आबा प्रेमाने खोबरेल तेल सोडतात आणि पुढच्या खेपेला आत धूळ आणि तेलाचा नुसता चिकटा. पेन्सिलीच्या शिशाची पूड घाला हो, किल्ली सहज फिरते. (हाही जुगाडच, माहितीये.)

देवगडी_कलम
बदलायचं तर मिस्त्री हवा. जुने होते ते थकले, पोरं सगळी मुंबई-पुण्याला, मग उरलो मी आणि माझा पाना. बारक्या कामाला कोणी येत नाही, आला तर म्हणतो सगळी लाइनच बदलूया.

वायरमन_काका
बारक्या कामाचे पैसे कोणी देत नाही म्हणून येत नाही. "दोन मिनिटांचं तर काम" म्हणतात. जायला-यायला लागलेलं पेट्रोल कोण मोजतो?

चाकरमानी_दादर
गणपतीला येताना लोहार चाळीतून सामान आणतो, ३१६ चे स्क्रू आणि जे काय हवं ते. यादी टाका.

देवगडी_कलम
फुटव्हॉल्व, दीड इंची, पितळी. प्लास्टिकचा आणलास तर परत घेऊन जायचा.