पाड्यावर लिव्हरच्या कॅन्सरबद्दल बैठक घ्यायचीय, खाण्याचं काय सांगू?

सातपुड्याची_लेक:
नमस्कार मंडळी. मी धडगाव तालुक्यात आशाताईंसोबत काम करते, पाडे सगळे भिल्ल आणि पावरा लोकांचे. पुढच्या महिन्यात बायकांची बैठक घ्यायचीय आणि मला जो छापील कागद मिळालाय त्यात ब्रोकोली, ऑलिव्ह ऑइल, सफरचंद असलं लिहिलंय. आमच्याकडे मक्याची नाहीतर ज्वारीची भाकर, डाळ, मिरची आणि पावसाळ्यात रानभाज्या, मग हे वाचून दाखवून काय उपयोग? मागच्या वर्षी एका घरचा चाळिशीच्या आतला माणूस पोट फुगून गेला, आधी कावीळ उतरवायची माळ घातली आणि दवाखान्यात नेलं तोवर लिव्हरमधली गाठ खूप मोठी झालेली. त्याची बायको बैठकीला येणार आहे. तिच्या पोरांना काय खायला घाल म्हणून सांगू?

कणगीवाला:
ताई, तो कागद राहू द्या, आधी घरातला मका बघा. ऐन काढणीला पाऊस झाला की कणसाला हिरवट-पिवळी बुरशी धरते, तिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं आणि ते वर्षानुवर्षं थोडं थोडं पोटात गेलं की लिव्हरचा कॅन्सर होऊ शकतो. शेंगदाण्याचंही तेच. १९७४ ला आपल्या शेजारीच, राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातमधल्या पंचमहालच्या आदिवासी गावांत असा भिजलेला मका खाऊन शंभरावर माणसं गेली, कावीळ आणि पोटात पाणी, तेच अन्न खाल्लेल्या कुत्र्यांनाही तेच झालं होतं.
बैठकीत एक करून दाखवा. काचेची कोरडी बाटली घ्या, मूठभर मका आणि चमचाभर कोरडं मीठ टाका, झाकण लावून चांगली हलवा आणि थोडा वेळ ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर मका ओला आहे, अजून उन्हात घालायचा, तो पण ताडपत्रीवर, मातीवर नाही.

वाचते_फक्त:
पण भाजला की बुरशी मरते ना? आमची आजी काळे दाणे भाजूनच दळायची.

कणगीवाला:
बुरशी मरते, विष राहतं. भाजून, उकळून ते पुरतं जात नाही. म्हणून दाणे सुपात घेऊन काळे, सुरकुतलेले, किडके वेचायचे आणि पुरून टाकायचे. कोंबड्यांना नाही, गाईला तर अजिबात नाही, दुधातून ते पोरांच्या पोटात येतं.

रात्रपाळी_सिस्टर:
मी लेबर रूमला आहे. खाण्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे हिपॅटायटिस बी, लिव्हरला धरणारा विषाणू, कारण ज्याच्या अंगात तो आहे त्याला हे बुरशीचं विष कितीतरी पटीने जास्त बाधतं. त्या ताईची आणि पोरांची त्यासाठी रक्ततपासणी आधी करून घ्या, २०१८ ला सुरू झालेल्या सरकारी कार्यक्रमात तपासणी आणि उपचार फुकट आहेत. बाळाला हिपॅटायटिस बीची पहिली लस जन्मल्यापासून २४ तासांच्या आत हवी, पुढे ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलेंट म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्र लसीतून मिळते. आणि कृपा करून हे नक्की सांगा की एका ताटात जेवल्याने हा आजार होत नाही, नाहीतर तिचंच ताट वेगळं करतील, मी बघितलंय असं.
मोहाच्या दारूचं पण बोला, लिव्हर आधीच दुखावलेलं असेल तर थोडीसुद्धा नको. पण ते पुरुषांना वेगळं बसवून सांगा, बायकांसमोर सांगितलं तर घरी जाऊन भांडण होतं.

सातपुड्याची_लेक:
दादा, सिस्टर, खूप आधार वाटला. बाटली आणि मीठ आजच पिशवीत टाकलं, मका त्यांच्याच घरचा घेईन. पावरी बोलणारी एक आशाताई आहे, सगळं तीच बोलेल, मी नुसती बाजूला बसेन. फक्त एक सांगा, आमच्याकडे अजून घरीच बाळंतपणं होतात आणि पावसात नाल्याला पाणी आलं की रस्ताच बंद, मग ते २४ तास कसे पाळायचे?

रात्रपाळी_सिस्टर:
आठवा-नववा लागलेल्यांची यादी आत्ताच करा आणि नर्सताईंकडे द्या. नाल्यापलीकडच्यांना तारखेच्या आधीच अलीकडे नातेवाइकांकडे आणून ठेवायला घरच्यांशी बोला. आईची हिपॅटायटिस बीची तपासणी मात्र पोटुशी असतानाच झाली पाहिजे, ती राहिली असेल तर उद्याच करा.